दोराला हात लावला म्हणून

विमा कार्यालयातल्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे नाही, बाकावर बसलेल्या लोकांकडे वळवली.

"ओळखा बघू, ही कोण?"

स्क्रीनवर किनारा होता. रापणीचा दोर होता. दोराला लागलेली माणसं होती आणि त्यांच्यात मी होते. सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, केस तोंडावर आलेले, टाचा वाळूत रुतवून मागे रेललेली. व्हिडिओचा आवाज बंद होता. माझं तोंड उघडं होतं. ओढताना सगळे मिळून ओरडतात तशी मीही ओरडत असणार. आवाजाशिवाय ते वेडंविद्रं दिसत होतं.

बाकावरचा एक माणूस हसला. त्याचं बघून दुसरा. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने एकदा स्क्रीनकडे आणि एकदा माझ्या पायांकडे पाहिलं.

"मॅडम बेरोजगार आहेत," साहेब म्हणाले. "पुण्याची नोकरी गेली म्हणून भत्ता मागतायत. आणि इथे बघा, धंदा जोरात चाललाय."

मला बोलायला वेळ लागतो. आधी वाक्य मनात तयार होतं, मग ते बरोबर आहे का ते बघते, तोपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो.

"काय गो, बांगडे किती गावले त्या दिसा?"

इतका वेळ ते माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत होते. मॅडम, आपण, आपला अर्ज. कार्यालयात सगळे तसंच बोलतात. व्हिडिओ दाखवला आणि त्यांनी एकदम मालवणी काढली. घरात मला सगळे 'गो' म्हणूनच हाक मारतात. त्यात माया असते. या 'गो'चा अर्थ एवढाच होता की खुर्चीवरून खाली उतर, तू कोण आहेस ते आम्हाला कळलं.

लोक पुन्हा हसले. मी माझी फाइल छातीशी धरली आणि बाहेर आले.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरते आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग दोन बाजूंना माणसं लागतात आणि ओढत ओढत जाळं वाळूवर आणतात. तासन् तास चालतं. जाळं ज्यांचं, ते रापणकार. त्यांचे हिस्से ठरलेले असतात. पण ओढायला माणसं कमी पडली की किनाऱ्यावर असेल तो हात लावतो. ज्याने हात लावला त्याला थोडी मासळी मिळते. त्याला आम्ही वाटो म्हणतो. तो मागावा लागत नाही आणि नाकारायचा नसतो.

आमचं घर मिठबावच्या बाजूला, किनाऱ्यापासून जवळ. बाबा गोव्यात ट्रॉलरवर खलाशी आहेत, पावसाळ्यात तेवढे घरी असतात. आई टोपली घेऊन गावात मासे विकते. मी सिस्टरांच्या शाळेत इंग्रजी माध्यमात शिकले, मग पदवी घेतली, मग पुण्यात एका कंपनीत कस्टमर सपोर्टला लागले. लोकांचे पैसे कुठेतरी अडकलेले असायचे आणि मी त्यांना लिहायची, आपली विनंती प्रक्रियेत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. दिवसभर तेच. नंतर ते लिहायला कंपनीने एक प्रोग्राम आणला. आम्हाला एका व्हिडिओ कॉलवर बोलावलं आणि कॉल संपला तेव्हा आमचे लॉगिन बंद झालेले होते.

माझा पगार फार नव्हता. त्यातून दर महिन्याला कामगार विम्याचा हप्ता कापला जायचा. नोकरी गेली तर याच विम्यातून काही काळ भत्ता मिळतो, हे माझ्याबरोबर काढलेल्या एका मुलीने सांगितलं. तिला पुण्यात मिळाला. मला तिथली खोली परवडत नव्हती म्हणून मी गावी आले. इथेच गोष्ट अडकली. माझं रेकॉर्ड पुण्याला, मी सिंधुदुर्गात. पुण्याने सांगितलं, आता जिथे राहता तिथल्या शाखेत जा. शाखेने सांगितलं, पुण्याहून फाइल येऊ दे. फाइल म्हणजे कागद नाही, कॉम्प्युटरवरचं एक बटण कुणीतरी दाबायचं होतं. ते दाबलं जाईपर्यंत मी आधार जोडलं, बँक जोडली, स्टॅम्पपेपरवर शपथपत्र केलं की या काळात मी कुठेही रोजगारात नाही.

त्या पैशांवर माझं एकच गणित होतं. दुसऱ्या शहरात जाऊन नोकरी शोधायची. मुलाखतीला बोलावतात ते कोल्हापूरला, पणजीला, पुण्याला. जायचं-यायचं, कुणाकडे तरी राहायचं. घरी मागायचं नव्हतं. आईच्या टोपलीतून माझ्या शाळेचा खर्च निघाला होता, आता आणखी काढायचं नव्हतं.

आमच्या घरात रेंज येत नाही. मी दिवसातून कितीदा तरी वर सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, चढायची आणि फोन हवेत धरून पोर्टल उघडायची. प्रक्रियेत आहे. खाली उतरायची, भांडी घासायची, पुन्हा वर. आंब्याच्या बागेतले राखणदार मला बघून हसायला लागले. एकाने विचारलं, "गो, खंयच्या देवाक जातंस रोज?" मी हसून वेळ मारून नेली. 'प्रक्रियेत आहे' हे वाक्य पूर्वी मी दुसऱ्यांना पाठवायची. ते वाचणारा माणूस एका जागी बसू शकत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रापणीच्या दिवशीही मी अशीच खाली उतरत होते. किनाऱ्यावर माणसं कमी होती, गावात कुणाचं तरी लग्न होतं. बायका सहसा ओढायला नसतात, त्या मासळी निवडायला बसतात. पण तांडेलकाकांनी, म्हणजे गावातल्या रापणीच्या म्होरक्यांनी, मला लांबूनच हाक मारली. "अगो चेडवा, बघतंस काय? हात लाव."

मी चपला काढल्या आणि दोराला लागले. कितीतरी दिवसांनी डोक्यात काही नव्हतं. पाय रुतवायचा, मागे रेलायचं, ओढायचं. बाजूच्या होम-स्टेमध्ये आलेले पर्यटकही आले. टोपी घातलेला एक माणूस माझ्या पुढेच होता. त्याला जमत नव्हतं, पण तो खूश होता. होम-स्टेच्या मालकाने व्हिडिओ काढला आणि 'कोकणातील पारंपरिक मच्छीमार' असं लिहून सोशल मीडियावर टाकला. मला वाटा मिळाला. टोपीवाल्यालाही मिळाला. आईने संध्याकाळी सार केलं. एवढंच घडलं होतं.

तो व्हिडिओ कार्यालयात कुणी पोहोचवला ते मला माहीत नाही. शोधायचंही नाही.

त्या हसण्यानंतर साहेबांचा फोन आला. आता ते पुन्हा शुद्ध मराठीत होते. "हे बघा, शपथपत्रात तुम्ही खोटं लिहिलंय. हे पुढे गेलं तर कारवाई होते. मुलीची जात आहे, पुढे नोकरी लागायची आहे, म्हणून सांगतो. येऊन दावा मागे घ्या. मी तयार करून ठेवतो, तुम्ही फक्त सही करायची."

मी "बरं" म्हटलं. ते 'बरं' माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की फोन ठेवल्यावर मी स्वतःवरच चिडले. रात्रभर स्वतःला तेच विचारत राहिले. आपण खोटं केलंय का? वाटा घेतला म्हणजे मजुरी घेतली का? मला खरंच कळत नव्हतं. कार्यालयातला माणूस इतक्या खात्रीने बोलतो तेव्हा आपलीच काहीतरी चूक असणार असं आम्हाला वाटतं. मी इंग्रजीतून शिकले तरी हे वाटणं काही गेलं नव्हतं.

आईला सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं आणि टोपली भिंतीला उभी करून ठेवली.

"मी येतंय तुझ्यावांगडा," ती म्हणाली. "तुका तोंड उघडूक येना नाय."

आमच्यात कुणाकडे काम घेऊन जायचं तर हात हलवत जात नाहीत. डॉक्टर असो, मास्तर असो, बँकेतला माणूस असो. त्यात लाच वगैरे काही नसतं. आपल्याकडे जे चांगलं असतं ते न्यायचं. आईने त्या पहाटे बंदरावर जाऊन एक सुरमय निवडली. स्वतः खायला तिने अशी कधी आणली नसती. केळीच्या पानात बांधली, वर प्लॅस्टिकची पिशवी, वर कापडी पिशवी. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं नको. ती म्हणाली, "गप रव. माणूस आसा तो. खाता मां मासे?"

साहेब मासे खाणारेच होते. तो प्रश्न नव्हता.

कार्यालयात आईने पिशवी साहेबांच्या टेबलाच्या कडेला ठेवली. "सायबानू, ताजी आसा. तुमच्यासाठी हाडलंय."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "हे काय? ऑफिस आहे हे, बाजार नाही. बाहेर ठेवा आधी. वास येतोय."

वास येत नव्हता. ताज्या मासळीला नसतो. हे त्यांनाही माहीत असणार.

"चुकला, सायबानू," आई म्हणाली. ती पिशवी घेऊन बाहेर गेली, पायरीवर सावलीत ठेवली आणि परत आली. परत आली ती टेबलापाशी नाही, दारापाशी उभी राहिली. पदर पुढे घेऊन, दोन्ही हात त्यात गुंडाळून. आपल्या हातांना वास असेल म्हणून.

आणि तिला तशी उभी बघताना मला माझी शाळेतली खिडकी आठवली. पाचवीत असताना टीचरनी मला सांगितलं होतं, तू खिडकीपाशी बस, तुला हवा छान लागेल. फार प्रेमाने सांगितलं होतं. मी शाळा संपेपर्यंत खिडकीपाशी बसले. वर्ग बदलला, बाक बदलले, टीचर बदलल्या, मी आपली खिडकीपाशी. मला वाटायचं आपल्याला चांगली जागा मिळाली. बाहेर चिकूचं झाड दिसायचं. माझ्या शेजारची जागा बहुतेक रिकामी असायची, तेही मला बरंच वाटायचं, मी तशीही कमी बोलणारी. कुणी मला कधी वाईट शब्द बोललं नाही. पंधरा वर्षांची मोठी मुलगी होऊन तिथून बाहेर पडले तरी मला कळलं नव्हतं की हवा माझ्यासाठी नव्हती. बाकीच्यांसाठी होती.

आईला कुणी बस म्हटलं नाही. तिने दारातूनच सांगितलं, "माझा चेडू खोटा बोलाचा नाय, सायबानू. कामावरसून काढल्यानी म्हणान घराक इला. रापण काय आमची नाय. हात लावल्यान, वाटो गावलो, इतक्याच."

"धंदा नाही म्हणता आणि मासळी घेऊन येता," साहेब म्हणाले. बाकावर आजही लोक होते. साहेब त्यांच्यासाठीच बोलत होते. "तुमच्या लोकांना कमी काय आहे हो? समुद्र घरचाच. दोर ओढला की जेवण. मुलीला इंग्रजी शिकवलंत ते हात पसरायला?"

"होय, सायबानू," आई म्हणाली.

ती बाजारात भावासाठी कुणाला सोडत नाही. गिऱ्हाइकाने मासळीला नाव ठेवलं तर त्याच्या खानदानाला ऐकवते. ती 'होय' म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली.

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. छापलेला होता. 'मी पारंपरिक मासेमारी व्यवसायातून उत्पन्न मिळवत असून सदर दावा स्वखुशीने मागे घेत आहे.' खाली माझं नाव टाईप केलेलं. त्यावर पेन.

मी पेन उचललं. हे खरं सांगायला हवं. मी सही करणार होते. करून टाकावी, आईला घेऊन इथून निघावं, एवढंच डोक्यात होतं.

साहेबांनी माझ्या डोक्यावरून शिपायाला सांगितलं, "ती बाहेरची पिशवी माझ्या गाडीत ठेव. ऊन आलंय पायरीवर, खराब होईल."

मी पेनाला टोपण लावलं.

उठले, बाहेर गेले. शिपाई पिशवी उचलून निघालाच होता. मी हात पुढे केला. "द्या ती." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं, आणि दिली. मी पिशवी घेऊन आत आले. ती जड होती. मी टेबलापाशी उभी राहिले आणि या वेळी वाक्य मनात तयार करायला थांबले नाही.

"ही मासळी आम्ही परत नेतोय. आणि मी यावर सही करणार नाही."

"काय?"

"त्या व्हिडिओत माझ्या पुढे टोपी घातलेला एक माणूस आहे. पर्यटक आहे. त्यानेही दोर ओढला, त्यालाही वाटा मिळाला. त्याची नोकरी मासेमारी झाली का?"

"त्याचा काय संबंध? तो हौस म्हणून—"

"मीही तेवढंच ओढलं."

"आवाज खाली."

माझा आवाज वर नव्हता. तो कधीच नसतो. पण खोली गप्प झाली होती म्हणून तो ऐकू जात होता.

"तुम्ही मला नाकारा," मी म्हटलं. "पण तुम्ही नाकारा. मी स्वखुशीने लिहून देणार नाही. नाकारलं म्हणून कागद द्या, त्यावर कारण लिहा, आणि कुणाकडे अपील करायचं ते लिहा."

साहेबांनी बाकाकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनेही बोललं नाही. एक माणूस बुटाचे बंद बांधत राहिला.

"येईल मेलवर," साहेब म्हणाले. "मग बसा वाट बघत."

बाहेर आल्यावर आई भडकलेलीच होती. "काय केलंस गो ह्या? सायबाक कोण असा बोलता?" स्टँडपर्यंत ती माझ्यापुढे चालत होती, वळूनही बघत नव्हती. एसटीला वेळ होता. उन्हात ती पिशवी. आईने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे, आणि स्टँडच्या कठड्यावर पान उघडून सुरमय मांडली.

बाजाराची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. "कशी दितंस?"

"आधी डोळे बघ तिचे. सायबासाठी निवडलली आसा."

"मगे सायबान नाय घेतल्यान?"

आई म्हणाली, "आमी नाय दिली."

आमी. गाडीत बसल्यावर मी खिडकीकडे तोंड करून रडले. आईने ते पाहिलं, पदराने हात पुसले आणि माझ्या गुडघ्यावर ठेवले.

नकार आला. 'दावेदार मासेमारी व्यवसायात गुंतलेली आढळल्याने.' मी अपील लिहायला बसले. साहेब एकदा म्हणाले होते, इंग्रजीत लिहा, तुम्हाला काय, येतंच. इंग्रजीत मला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत वाटो कसा सांगणार? वाटो म्हणजे मजुरी नाही, भीक नाही, पगार नाही, हे ज्या भाषेत खरं आहे त्या भाषेतच लिहायचं ठरवलं. तांडेलकाकांकडे गेले. ते जाळं दुरुस्त करत होते. मी विचारलं, वाट्याचा नियम काय, तुम्ही सांगाल तसं लिहिते.

"लिव," ते म्हणाले. "दोराक जो हात लावता, त्येका वाटो. कोण तू, खंयचो तू, इचारीत नाय. एकदा फौजदार इल्लो चौकशेक. उभो रवान कंटाळलो आणि ओढूक लागलो. त्येकाय दिलो. तो काय रापणकार झालो?"

मी तेही लिहिलं. फौजदारासकट. काकांनी खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर कोरत.

लिहिताना मला कळत गेलं की भांडण वाट्याचं नाहीच. टोपीवाल्याने ओढलं ती हौस, मी ओढलं तो धंदा, कारण त्याला बघून त्यांना पर्यटक दिसतो आणि मला बघून कोळीण दिसते. माझी पदवी, माझा पगार, दर महिन्याला कापून घेतलेला हप्ता, यातलं त्यांना काहीच दिसलं नाही. आमच्यासारखी बाई कामावरून निघूच शकत नाही, कारण ती कधी कामावर होती हेच त्यांनी मान्य केलेलं नाही. ती फक्त परत आली, जिथली तिथे.

अपील वरच्या कार्यालयात गेलं. पुन्हा सडा, पुन्हा फोन हवेत. प्रक्रियेत आहे. आता वाट बघणं वेगळं होतं. आधी मी घाबरून वर चढायची, आता चिडून. पण झोप तेव्हाही नव्हती, आताही नाही. भांड्यात पाणी भरायला ठेवून विसरायची. आई म्हणायची, "बस गो एका जाग्यार." बसता येत नव्हतं. मधेच दोन मुलाखती झाल्या, आईच्या बहिणीकडून उसने घेऊन गेले. एक जमली. कोल्हापूरला, एका रुग्णालयाच्या रिसेप्शनवर.

ते साहेबांना कसं कळलं कोण जाणे, रुग्णालयाने विम्यासाठी माझं नाव आधीच पोर्टलवर नोंदवलं असेल. साहेबांचा फोन आला. अतिशय शुद्ध मराठी. "नोकरी लागली, अभिनंदन. आता ते अपील कशाला ठेवताय? वरून आम्हाला विचारणा होते. आपण मागे घ्या. मी बघतो, काही दिवसांचा भत्ता बसवून देतो. आपलंही काम झालं, आमचंही."

"लेखी पाठवा," मी म्हटलं.

फोन बंद झाला. लेखी काही आलं नाही.

मी जायच्या आधी एक बाई आमचं घर शोधत आली. काजूच्या कारखान्यात होती, कारखाना बंद पडला. दारातच म्हणाली, "तूच काय गो ती, सुरमय परत घेतलली?" गोष्ट स्टँडवरून कुठवर गेली होती. तिच्या घरामागे काजूची चार झाडं आहेत. साहेबांनी तिलाही तसाच कागद दिला होता. 'घरच्या बागायती व्यवसायातून उत्पन्न.' स्वखुशीने. तिला अक्षरं लावून वाचता येतात, पण साहेबांसमोर ती अक्षरं पळतात, असं तिने सांगितलं.

बॅग भरायची राहिली होती. मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेले. त्याच बाकावर बसले, तिच्या शेजारी, अंग चोरून न बसता. साहेबांनी मला पाहिलं.

"तुमचं इथे काय काम?"

"हिच्याबरोबर आलेय."

"तिचं ती बोलेल."

"बोलेल. मी बसते."

कागद तिच्यापुढे आला. मी तो मोठ्याने वाचला, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असा, 'स्वखुशीने'पर्यंत. मग तिने तो परत सरकवला आणि नकार लेखी मागितला. साहेबांनी मिळेल म्हणून सांगितलं. अजून तिला मिळालेला नाही.

माझं अपील अजून पडून आहे. कोल्हापूरचा पत्ता कळवला तर फाइल पुन्हा हलेल, पुन्हा कुणीतरी बटण दाबेपर्यंत थांबावं लागेल. मी पत्ता कळवला आहे. सुनावणी जिथे लागेल तिथे मी जाणार. रजा मागेन, कारण विचारलं तर कारण सांगेन, पगार कापला तर कापू दे. भत्त्याचे पैसे ज्या मुलाखतींसाठी हवे होते त्या होऊन गेल्या. पैसे तरीही मला हवेत, कारण ते माझे आहेत. पण त्याहून आधी मला तो नकार पुसून हवा आहे. मी नोकरी केली, मला काढलं, त्या महिन्यांत मी बेरोजगार होते. हे त्या कार्यालयाला त्याच्याच शिक्क्याखाली लिहावं लागेल. खालच्या कार्यालयाने नाही लिहिलं तर वरच्याने, त्याने नाही तर त्याच्या वरच्याने. मी कमी बोलते, पण मी थकत नाही. आणि त्या बाकावर आमच्यातली कुणीही बसलेली असेल, तिने मला फोन करावा. मी येईन, आणि तिच्यापुढे कागद आला की तिला सांगेन, सही करू नकोस.